राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकायचंय? आधी परतीचा रस्ता बघून ठेवा

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरच्या आतलं कंपनीचं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, काढून त्या जागी टाकायचं लिनक्सवरचं खुलं फर्मवेअर, आणि ते राउटरमध्ये चढवणं म्हणजे फ्लॅश मारणं. फ्लॅश मारायला लागतात तीन-चार मिनिटं. त्याआधीची तयारी मात्र अख्खी संध्याकाळ खाते, आणि आपण नेमकं उलटं करतो. शनिवारी रात्री फाइल उतरवायची, राउटरच्या पेजवर जाऊन ठोकून द्यायची, मग दिवे विचित्र लुकलुकायला लागले की शोधाशोध सुरू, आणि ती पण मोबाइलच्या नेटवरून, कारण घरचं नेट त्याच राउटरवर चाललेलं असतं. मी पण हेच केलंय, म्हणून सांगतोय.

हा खटाटोप कशाला, तर कंपनी काही वर्षांत अपडेट देणं बंद करते, हार्डवेअर मात्र ठणठणीत असतं. शिवाय कंपनीच्या पेजवर चार बटणं असतात आणि पाचवं हवं असेल तर नवा राउटर घ्या असा त्यांचा एकूण सूर. हे सगळं प्रकरण सुरू झालं लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या डब्यापासून. २००२ च्या शेवटी तो बाजारात आला, लोकांच्या लक्षात आलं की आत लिनक्स आहे, म्हणजे लिनक्सच्या जीपीएल लायसन्सप्रमाणे सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्राम, द्यायला हवा, मग बराच दबाव आल्यावर २००३ मध्ये तो खुला झाला आणि २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातलं डब्ल्यूआरटी तिथलंच. मध्ये २०१६ ला भांडण होऊन एलईडीई नावाची वेगळी चूल पण मांडली होती, २०१८ ला परत एकत्र आले. डीडी-डब्ल्यूआरटी आणि फ्रेशटोमॅटो अशी दुसरी फर्मवेअर पण आहेत, ब्रॉडकॉम कंपनीचा चिप असेल तर तीच बघावी लागतात, पण मी पुढे सगळं ओपनडब्ल्यूआरटीचंच सांगणार आहे कारण मी तेच वापरतो.

एक गोष्ट आधीच. नेटवाल्याने बसवून दिलेला जो फायबरचा डबा असतो ना, त्याच्या वाटेला जायचं नाही. तो त्यांचा, त्यांच्या सिस्टिमला बांधलेला, आणि तो गेला की घरातलं नेटच गेलं. त्याच्या मागे आपला वेगळा राउटर लावायचा आणि प्रयोग त्याच्यावर.

आता राउटर उलटा करा. पोटाखाली स्टिकर असतो, त्यावर मॉडेल नंबर आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात हार्डवेअर व्हर्जन, व्ही १, व्ही २ असं काहीतरी. हेच सगळ्यात महत्त्वाचं. एकाच नावाखाली, एकाच प्लास्टिकमध्ये कंपन्या आतला चिपच बदलून टाकतात, व्ही २ ला धावणारी फाइल व्ही ३ ला विष असते. मी एक सेकंडहँड राउटर घेतला होता, खोक्यावर स्पष्ट व्ही २ छापलेलं, मी त्या हिशोबाने फाइल पण काढून ठेवली, आणि सहज मोबाइलच्या कॅमेऱ्याने स्टिकरचा फोटो काढून झूम केला तर व्ही ३. खोकं दुसऱ्याच राउटरचं. तेव्हापासून खोक्यावर विश्वास ठेवायचा बंद केलाय.

मॉडेल आणि व्हर्जन कळलं की ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर टेबल ऑफ हार्डवेअर आहे त्यात शोधा. तिथे तीन गोष्टी बघायच्या. फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची मेमरी, किती, रॅम किती, चिप कोणता. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्या राउटरचा नाद सोडा, त्यांचा सपोर्ट कधीच संपलाय. ८ आणि ६४ वर कसंबसं चालतं पण वर काही टाकायला जागा उरत नाही, सुखाने राहायचं तर १६ आणि १२८ च्या पुढे बघा. चिप मीडियाटेक किंवा क्वालकॉम अथेरॉसचा असेल तर उत्तम. ब्रॉडकॉमचा असेल तर वायफायचे ड्रायव्हर खुले नसल्यामुळे बऱ्याचदा नेट चालतं पण वायफाय लंगडतं, मग काय उपयोग. तुमच्या मॉडेलचं स्वतंत्र पान असेल तर ते शेवटपर्यंत वाचा, खास करून परत मूळ फर्मवेअरवर कसं यायचं तो भाग. तो भागच रिकामा असेल तर मी तरी त्या राउटरला हात लावत नाही.

फाइल घ्यायची ती फर्मवेअर सिलेक्टरवरून. मॉडेल टाइप केलं की दोन-तीन बटणं दिसतात आणि इथे नवखा माणूस हमखास अडकतो. फॅक्टरी म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरमधून पहिल्यांदा उडी मारायची फाइल. सिसअपग्रेड म्हणजे आधीच ओपनडब्ल्यूआरटी असताना पुढच्या व्हर्जनला जायची. तुम्हाला आत्ता फॅक्टरी पाहिजे. काही मॉडेलना फॅक्टरी नसतेच, तिथे आधी इनिट्रामएफएस नावाची फाइल रॅममध्ये चालवून मग सिसअपग्रेड करतात, त्याची रीत मॉडेलच्या पानावर असते. स्टेबल रिलीजच घ्या. स्नॅपशॉट, म्हणजे अजून कच्ची असलेली आवृत्ती, घेतलात तर त्यात वेब पेज, म्हणजे लूसी, नसतं, आणि मग काळ्या स्क्रीनवर कमांड मारत बसाल.

फाइल उतरल्यावर तिचा एसएचए२५६ आकडा, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ठसा, साइटवरच्या आकड्याशी जुळवा. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक केलं की तिथेच ऑप्शन येतो. पहिली सहा-सात आणि शेवटची सहा-सात अक्षरं जुळली तरी डाउनलोड अर्धवट नाही एवढं कळतं. कंटाळा येतो मान्य आहे, पण अर्धवट फाइल फ्लॅश झाली तर त्याहून जास्त कंटाळा येईल.

तयारीतलं उरलेलं पटकन सांगतो. सध्याच्या राउटरच्या पेजवर जाऊन नेटची सेटिंग कागदावर उतरवा, कागदावरच, लॅपटॉपवरच्या ऑनलाइन नोटमध्ये नाही. कनेक्शन पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डने जोडलं जाणारं, आहे का, असेल तर ते दोन्ही, व्हीलॅन आयडी (नेटवाल्याने लाइनला दिलेला नंबर) असेल तर तो, मॅक अॅड्रेस क्लोन केला असेल, म्हणजे दुसऱ्या डब्याचा हार्डवेअर पत्ता राउटरला दिला असेल, तर तो पण. पीपीपीओईचा पासवर्ड बहुतेकांना माहीतच नसतो, बसवणाऱ्याने टाकलेला असतो, तो कस्टमर केअरकडून आधीच काढून घ्या. कंपनीचं मूळ फर्मवेअर पण डाउनलोड करून ठेवा. जुन्या टीपी-लिंक मॉडेलमध्ये त्या फाइलच्या नावात बूट असा शब्द असेल तर सावध, तिच्यात बूटलोडर, म्हणजे राउटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम, पण असतो, ओपनडब्ल्यूआरटीवरून परत येताना ती तशीच टाकली तर राउटर कामातून जातो, आधी तो भाग कापावा लागतो. आणि तुमच्या मॉडेलची रिकव्हरीची सगळी माहिती ऑफलाइन सेव्ह करा.

आता प्रत्यक्ष काम. लॅपटॉपपासून राउटरपर्यंत केबल लावा, लॅन पोर्टला (घरातल्या उपकरणांसाठीचा), वॅनला (बाहेरून नेट येतं तो) नाही. लॅपटॉपचं वायफाय बंद. वायफायवरून फ्लॅश मारायचं नाही, मधेच तुटलं तर संपलं. लाइट जायची भीती असेल तर राउटर आणि लॅपटॉप दोन्ही बॅकअपवर घ्या. मग कंपनीच्या पेजवर फर्मवेअर अपग्रेड शोधायचं, फॅक्टरी फाइल निवडायची, अपग्रेड दाबायचं आणि हात मांडीखाली घेऊन बसायचं.

या पुढच्या पाच मिनिटांतच राउटर मरतात. होतं काय, की पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते आणि पेज तिथेच थिजतं. आपल्याला वाटतं अडकलं. अडकलेलं काहीच नसतं, कंपनीचं पेज १९२.१६८.०.१ वर होतं आणि नवं फर्मवेअर उठलं ते १९२.१६८.१.१ वर, त्यामुळे जुनं पेज बिचारं ज्याची वाट बघतंय तो आता त्या पत्त्यावर राहतच नाही. दिवे बंद होतात, एक दिवा हळू लुकलुकतो, मग जोरात, मग परत हळू, शेवटी स्थिर. तो स्थिर होईपर्यंत प्लगला हात लावायचा नाही. मी माझ्या पहिल्या राउटरला चौथ्या मिनिटाला घाबरून प्लग काढला होता, आणि पहिल्याच प्रयत्नात वीट तयार, म्हणजे राउटर विटेसारखा निर्जीव. वीट कशी जिवंत केली ते खाली येतंय.

दिवा स्थिर झाला की केबल काढून परत लावा म्हणजे लॅपटॉपला नवा आयपी मिळेल, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, युजर रूट, पासवर्ड रिकामा. आत गेल्या गेल्या पहिलं काम पासवर्ड ठेवायचं. दुसरं, घाबरायचं नाही, कारण मोबाइलवर तुमचं वायफाय दिसणार नाही. ओपनडब्ल्यूआरटी वायफाय सहसा मुद्दाम बंद ठेवतं, नाहीतर पासवर्ड नसलेलं वायफाय घरभर पसरलं असतं. नेटवर्कमध्ये वायरलेस उघडा, आधी कंट्री कोड आपल्या देशाचा निवडा, मग नाव, मग सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ आणि ३ मिक्स्ड, पासवर्ड, सेव्ह, आणि शेवटी एनेबल. ५ गिगाहर्ट्झला चॅनल ५२ ते १४४ मधला निवडलात तर तो लगेच दिसत नाही, त्या पट्ट्यात रडार असू शकतात म्हणून राउटर आधी निदान एक मिनिट नुसता ऐकत बसतो. घाई असेल तर ३६ वर ठेवा.

वॅनला पीपीपीओई असेल तर इंटरफेसेसमध्ये वॅनचा प्रोटोकॉल बदलून कागदावरचं युजरनेम पासवर्ड टाका. पुढे फायबरचा डबा असेल तर बऱ्याचदा काहीच करावं लागत नाही, पण एक गंमत होते, तो डबा पण १९२.१६८.१.१ वापरत असतो आणि दोघांची मारामारी होऊन नेट येतच नाही. मग आपल्या लॅनचा पत्ता १९२.१६८.२.१ करून टाका. हे करताना लूसी चेक करतं की बदलानंतर तुम्ही तिच्यापर्यंत पोचताय का, नाही पोचलात तर जुनी सेटिंग परत आणतं. चांगली सोय आहे, पण पत्ता बदलताना तीच आडवी येते, म्हणून तिथे अप्लाय अनचेक्ड निवडायचं.

नेट चालू झालं की माझ्या मते या सगळ्या उपद्व्यापाचं खरं बक्षीस म्हणजे एसक्यूएम, म्हणजे पॅकेटची रांग शहाणपणाने सांभाळणारी सोय. घरात कोणी मोठी फाइल अपलोड करत असेल आणि तुमचा व्हिडिओ कॉल रोबोटसारखा बोलायला लागत असेल तर तो स्पीडचा प्रॉब्लेम नाही, रांगेचा आहे, पॅकेट कुठेतरी बफरमध्ये तुंबून राहतात. सॉफ्टवेअरच्या पानावर जाऊन लूसी-अॅप-एसक्यूएम टाका, वॅन इंटरफेस निवडा, डाउनलोड आणि अपलोडला खऱ्या मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९५ टक्के आकडा किलोबिटमध्ये द्या, क्यू डिसिप्लिन, म्हणजे रांग लावायची पद्धत, केक नावाची निवडा. थोडा स्पीड जातो पण कॉल तुटत नाही. सगळं काम सीपीयूवर येतं, त्यामुळे दुबळ्या राउटरवर वेगवान लाइन असेल तर स्पीड फारच पडेल, तेव्हा बंद करा.

आता वीट. तिचे दोन प्रकार. एक, ओपनडब्ल्यूआरटी उठतंय पण तुम्हीच काहीतरी उलटसुलट सेटिंग करून स्वतःला बाहेर कोंडलंय. याला उपाय फेलसेफ, म्हणजे तुमच्या सेटिंग बाजूला ठेवून राउटर उठवायचा मोड. लॅपटॉपला हाताने आयपी द्या १९२.१६८.१.२, राउटर चालू करा, दिवा लुकलुकायला लागला की लगेच रिसेट बटण दाबा, दिवा एकदम वेगाने फडफडला की समजा आत आलात. मग एसएसएचने (लॅपटॉपवरून राउटरला कमांड द्यायची सोय) रूट म्हणून जाऊन फर्स्टबूट कमांड आणि रीबूट, राउटर कोरा करकरीत. मूळ सिस्टिम रीड-ओन्ली असते आणि तुमचे बदल वरच्या वेगळ्या थरात असतात, हा थर पुसला की झालं.

दुसरा प्रकार माझा होता, फर्मवेअरच अर्धवट. बूटलोडर शाबूत असेल तर बरेच राउटर टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून फाइल ओढून घ्यायच्या साध्या पद्धतीने, वाचतात. बऱ्याच टीपी-लिंकमध्ये लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ आयपी द्यायचा, टीएफटीपी सर्व्हरच्या फोल्डरमध्ये त्या मॉडेलला हव्या त्याच नावाची फाइल ठेवायची, रिसेट दाबून धरायचं आणि तसंच धरून पॉवर चालू करायची. मी तासभर हे करत होतो आणि काही घडत नव्हतं. शेवटी वायरशार्क, म्हणजे केबलवरून काय येतं-जातं ते दाखवणारं टूल, लावलं तर राउटर ०.६६ कोण आहे असं स्पष्ट विचारत होता, फाइल मागत होता, आणि लॅपटॉपचा फायरवॉल त्याला गप्प बसवत होता. फायरवॉल बंद केला, दहा सेकंदात फाइल सरकली. तेव्हा तुमचं अडलं तर आधी फायरवॉल बघा. इतर कंपन्यांमध्ये रीत वेगळी असते, कुठे बूटलोडरचंच छोटं वेब पेज उघडतं, नेटगिअरच्या बऱ्याच मॉडेलना एनएमआरपीफ्लॅश नावाचं टूल चालतं. हे पण नाही जमलं तर राउटर उघडून सिरियल केबल, ३.३ व्होल्टची, वेग बहुतेक ठिकाणी ११५२००, आणि व्हीसीसीची पिन जोडायची नाही, फक्त टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची) आणि ग्राउंड.

पुढे अपडेट करताना एक चूक सगळे करतात, सॉफ्टवेअरच्या पानावर जाऊन दिसेल ते पॅकेज अपग्रेड करत सुटतात. असं नको. जुनं पॅकेज रीड-ओन्ली भागात तसंच राहतं, नवं वरच्या थरात जागा खातं, आणि आठ-सोळा एमबीत किती मावणार. अपडेट म्हणजे नवी सिसअपग्रेड फाइल, आधी बॅकअप उतरवून, कीप सेटिंग्ज चालू ठेवून. सेटिंग टिकतात पण टाकलेली पॅकेजेस जातात, ती परत टाकायला लागतात, किंवा अटेंडेड सिसअपग्रेड वापरलं तर ते पॅकेजेससकट नवी इमेज बनवून देतं. मी राउटरच्या पोटाखाली, कंपनीच्या स्टिकरच्या शेजारीच, कागदाची चिठ्ठी चिकटवलीय. तिच्यावर व्हर्जन, फ्लॅश मारल्याची तारीख, लॅनचा आयपी, रिकव्हरीचा आयपी आणि फाइलचं नाव, कारण परत गरज पडेल तेव्हा नेट बंदच असणार आहे.