पीएचपीची लायब्ररी घेण्याआधी ‘रिक्वायर’ वाचा
नवी लायब्ररी घेताना बरेच जण आधी गिटहबवरचे स्टार बघतात. मी म्हणेन, आधी तिची कंपोझर डॉट जेसन फाइल उघडा (कंपोझर म्हणजे पीएचपीची पॅकेजं बसवणारं साधन) आणि ‘रिक्वायर’चा, म्हणजे तिला काय काय लागतं त्याचा, भाग नीट वाचा. खरी गोम तिथे असते.

प्रोग्रामच्या नोंदी (लॉग) लिहिणाऱ्या मोनोलॉग या लायब्ररीचंच बघा. आवृत्ती २ ला पीएचपी ७.२ पुरतं, ३ ला किमान ८.१ लागतं. शिवाय ३ ला पीएसआर-लॉग या इंटरफेसच्या पॅकेजची आवृत्ती २ किंवा ३ हवी. तुमची एखादी जुनी लायब्ररी त्याच पॅकेजच्या १ वर अडून बसली असेल, तर दोघी एकत्र नांदणार नाहीत. कंपोझर एका प्रकल्पात एका पॅकेजची एकच आवृत्ती बसवतो. कोण अडवतंय ते शोधायला टर्मिनलवर ‘कंपोझर व्हाय-नॉट’ लिहून पुढे पॅकेजचं नाव आणि हवी ती आवृत्ती द्या. ही कमांड माहीत नव्हती तेव्हा माझा अख्खा दिवस यात गेला होता.

स्वतःच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मोनोलॉगचा लॉगर मागू नका, पीएसआर-३ या लॉगिंगच्या सामायिक मानकाचा लॉगर-इंटरफेस मागा; तो वरच्या पीएसआर-लॉग पॅकेजमध्येच असतो. उद्या लायब्ररी बदलली तरी क्लासला हात लावावा लागत नाही.

सर्व्हरवरचं पीएचपी जुनं असेल, तर तुमच्या प्रकल्पाच्या कंपोझर डॉट जेसनमधल्या ‘कॉन्फिग’मध्ये ‘प्लॅटफॉर्म’खाली तीच आवृत्ती नोंदवा. मग लॅपटॉपवर चालणारं पण सर्व्हरला न झेपणारं पॅकेज कंपोझर निवडतच नाही.