मुलांची फुटबॉल लीग भरवताय? निदान या चुका तरी टाळा

दिवाळी सरली की फोन सुरू होतात. "सर, आमच्या भागात अंडर-१३ची लीग घेतोय." छान, म्हणतो मी, पंचांचे पैसे कुठून येणार? पलीकडं एकदम सामसूम. ट्रॉफी किती फुटी, उद्घाटनाला कोण, लोगोत वाघ हवा की गरुड, हे सगळं मात्र ठरलेलं असतं.

पहिली चूक म्हणजे लीग म्हणायचं आणि नॉकआऊट खेळवायचं. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग साखळीची आणि चषक बाद पद्धतीचे, हे कोल्हापुरात पोराटोरांनाही कळतं. तरी लहान मुलांची स्पर्धा आली की दोन दिवसांत उरकायची घाई. आठ संघांत बाद पद्धतीनं ७ सामने होतात, साखळीत २८. म्हणजे नॉकआऊटमध्ये चार संघांची मुलं एकेक सामना हरून घरी जातात. त्यांनी प्रवेश फी भरलेली असते, बुटांसाठी आईबापांचं डोकं खाल्लेलं असतं. "२८ सामने परवडत नाहीत सर." मोठं मैदान अख्खं वापरलंत तर नाहीच परवडणार. ते आडवं दोन भागांत तोडा, सात-सात खेळवा, चार नंबरचा बॉल घ्या. दोन्हीकडं एकाच वेळी सामने लावले की एका रविवारी सकाळी चार सामने दोन फेऱ्यांत संपतात, आणि सात रविवारांत लीग पुरी. पंचाला सामन्यामागे समजा ५०० रुपये धरले तर १४ हजार झाले. तो आकडा आधी कागदावर मांडा, मग ट्रॉफीच्या दुकानात जा.

आता प्रायोजक. या एका गोष्टीनं मी जितक्या लीग बुडताना पाहिल्यात, तितक्या पावसानंही बुडवल्या नसतील.

एका उपनगरातल्या उत्साही मंडळींना एक बिल्डर भेटला. सगळा खर्च माझा, म्हणाला. वॉर्डातून तिकिटाची आशा होती त्याला, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. आयोजकांनी तेवढं मनावर घेतलं नाही. सगळ्या संघांच्या जर्सी छापल्या, पाठीवर नंबरापेक्षा त्याचं नाव मोठं. फ्लेक्सवर त्याचा फोटो, कोपऱ्यात कुठंतरी बॉल. तिसऱ्या आठवड्यात तिकीट दुसऱ्याला गेलं आणि साहेब संपर्क क्षेत्राबाहेर. सेमीफायनलला जर्सीवाला बिल घेऊन टचलाइनला खुर्ची टाकून बसला. पंचांचं दोन रविवारांचं मानधन थकलेलं. ते आले, पण शिट्टी खिशातून बाहेर निघेना. शेवटी पालकांनी वर्गणी काढली आणि फायनल एका शाळेच्या ग्राउंडवर झाली. कप मात्र उधारीवर वेळेत आला होता, चार फुटी. जिंकलेल्या कॅप्टनला तो उचलेना, दोन बापांनी दोन्हीकडून धरला तेव्हा फोटो निघाला.

माझी पद्धत कुणाला चिकटपणा वाटेल. मैदानाचं भाडं, पंच आणि प्रथमोपचार हे तिन्ही खर्च संघांच्या प्रवेश फीतूनच भागले पाहिजेत. प्रायोजकाच्या पैशात जर्सी, बक्षिसं, केळी. तो पळाला तर पोरं घरच्या टी-शर्टवर बिब्ज, म्हणजे सरावाची रंगीत बनियनं, घालून खेळतील, सामना थांबणार नाही. आणि निम्मे पैसे बँकेत जमा झाल्याशिवाय छपाईला ऑर्डर नाही. शब्द दिलाय म्हणणाऱ्याला चहा पाजा, हिशेबात धरू नका. प्रत्येक संघाकडून थोडी अनामतही घ्या. न कळवता गैरहजर राहिला की जप्त. वॉकओव्हर आपोआप कमी होतात.

पैसे कुणाच्या तरी खासगी क्यूआरवर गोळा करणाऱ्यांना तर हात जोडतो. संस्थेचं खातं उघडा, दोघांच्या सह्यांचं. धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणीला वेळ लागतो; लागू दे. देणगीदाराला करसवलत देणारं ८०जी प्रमाणपत्र मिळालं तरी त्याला सांगा, २,००० रुपयांवर रोख दिले तर करसवलत नाही. छातीवर लोगो मागणारा देणगी देत नसतो, जाहिरात घेत असतो. पावती तशी फाडा. पहिल्याच वर्षी सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीच्या, मागं धावू नका. कंपनी कायद्याच्या कलम १३५खालचा हा निधी मिळवायचा तर संस्थेला आधी सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंद करावी लागते, आणि कंपनी जुने हिशेब मागते. "सीएसआर काढून देतो" म्हणणारा मध्यस्थ टक्केवारी सांगायला लागला की उठून या.

वयाचं काय सांगायचं? मिशी फुटलेला अंडर-१३ प्रत्येक लीगमध्ये असतोच. नुसतं आधार कार्ड पाहू नका, जन्मदाखला मागा आणि त्यावर जन्मतारखेबरोबर नोंदणीची तारीखही वाचा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. दहा वर्षांनी केलेली दिसली तर शाळेचं जनरल रजिस्टर बघितल्याशिवाय खेळवू नका. हे सामन्याच्या सकाळी नाही, संघनोंदणीच्या वेळी करायचं.

जुलै-ऑगस्टला लीग लावू नका. चिखल असतोच, शिवाय डीएसओच्या, म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या, शालेय स्पर्धा आणि सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेची गडबड. निम्मी मुलं शाळेकडून खेळत असतात. दिवाळीनंतर सुरू करा, फेब्रुवारीच्या आत संपवा, पुढं परीक्षा आहेत.

प्रमुख पाहुण्यांसाठी किक-ऑफ थांबवू नका. आले तर हाफटाइमला ओळख करून द्या.

हलवता येणारे गोलपोस्ट वाळूच्या पोत्यांनी दाबून ठेवा. पोरं क्रॉसबारला लोंबकळतात, आणि तो लोखंडी सांगाडा पुढं उलटतो. पोती कुणी टाकायची, त्याचं नाव आदल्या रात्री ग्रुपवर टाका. नाहीतर "मला वाटलं तू टाकलीस" हे ठरलेलंच.