उन्हाने विटलेले गाडीचे काळे प्लास्टिक: या चुका टाळा

म्हापसा किंवा फोंड्याच्या बसस्टँडजवळ रांगेत उभ्या असलेल्या पायलटांच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी चालवणाऱ्यांच्या, मोटरसायकली नीट पाहा. पत्र्यावरचा रंग अजून बरा असतो, पण आरशांची कव्हरे, मागचे मडगार्ड, मीटरभोवतीची चौकट, म्हणजे रंग न दिलेले काळे प्लास्टिक, राखाडी पडलेले दिसते. गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली की हे होणारच. मे महिन्याच्या सुरुवातीला तर गोव्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो.

हा मळ नव्हे. अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि वरचा पातळ थर भुसभुशीत होतो. काळेपणा देणारी काजळी आत शाबूत असते. फक्त वरच्या खडबडीत थरावर प्रकाश विखुरतो आणि डोळ्यांना राखाडी दिसते. ओले बोट फिरवून बघा. ओले असेपर्यंत काळे आणि वाळल्यावर पुन्हा राखाडी झाले, तर ते बहुतेक वेळा सुधारता येते. बारीक चिरा पडल्या असतील किंवा कडा तुटत असतील, तर खर्च न करता तो भाग बदललेला बरा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे खोबरेल, डिझेल किंवा जुने इंजिन ऑइल चोळणे. लगेच काळेभोर दिसते, म्हणून लोक फसतात. तेल त्या खडबडीत थरातल्या खाचा भरते, एवढेच. पहिल्या पावसात ते ओघळते, आणि पाऊस नसेल तेव्हा चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, लाल धूळ त्यावर चिकटून बसते. तेलाचा ओघळ ब्रेकच्या डिस्कवर गेला तर गाडी थांबणार नाही, हे सगळ्यात गंभीर. बुटाचे पॉलिशही टाळा. पावसात तुमच्या पँटला लागते.

दुसरी चूक मला जास्त खटकते, कारण ती महागडे द्रावण आणणारेही करतात: न धुता लावणे. निम्म्याहून जास्त काम तयारीचे असते. गाडी सावलीत थंड होऊ द्या. आधी नुसत्या पाण्याने धूळ आणि किनाऱ्याकडचे मीठ उतरवा, मग गाडीच्या शाम्पूने मऊ ब्रशने घासा. मडगार्डच्या कडेला आणि बोल्टच्या भोवती ब्रश गोल फिरवला की फेस तांबूस होतो. फेस पांढरा येईपर्यंत घासत राहा. तारेचा ब्रश किंवा भांड्याची घासणी नको, दाणेदार पृष्ठभागावर कायमचे ओरखडे उठतात. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा. आधीच्या चमकीच्या द्रावणातले सिलिकोन राहिले तर नवा थर धरत नाही, आणि मग आठवड्यात ठिपके दिसू लागतात.

थिनर किंवा पेट्रोलने पुसणे हा शॉर्टकट घातक आहे. सुट्या भागाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ‘पीपी’ किंवा ‘एबीएस’ असे प्लास्टिकच्या प्रकाराचे नाव कोरलेले असते. पीपी बऱ्यापैकी टिकते, पण एबीएस थिनरने विरघळते आणि पेट्रोलने तडकू शकते.

हीट गनचे, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राचे, व्हिडिओ बघून कोणी ती हातात घेऊ नये. काळेपणा येतो खरा, पण तात्पुरता. एबीएस शंभर अंशांच्या जरा वर गेले की मऊ पडते आणि हीट गनची हवा त्याच्या कितीतरी पट गरम असते. पॅनेल वाकते, स्टिकर सुरकुततो, आणि शेजारी पेट्रोलची टाकी असते.

मग लावायचे काय? बाजारात दोन प्रकार आहेत. साधे सिलिकोनचे ड्रेसिंग चमक देते, पण पाण्याबरोबर निघून जाते. रंगद्रव्य असलेले ट्रिम रिस्टोरर किंवा सिरॅमिक कोटिंग जास्त टिकते, म्हणून मी पैसे त्यावरच घालीन. आधी आतल्या बाजूला लहान ठिकाणी करून बघा. रंगीत पॅनेलच्या कडेला मास्किंग टेप लावा, हातमोजे घाला, अगदी पातळ थर द्या, आणि बाटलीवर सांगितलेल्या वेळेत उरलेले पुसून टाका. जाड थर दिला की चिकट राहतो आणि धूळ ओढतो. तसे झालेच तर अल्कोहोलने पुसून नव्याने लावा. सीट, फूटरेस्ट, हँडलच्या ग्रिप, टायर आणि ब्रेक यांना थेंबही लागू देऊ नका.

पांढरे डाग दिसले तर घाबरू नका. ते बऱ्याचदा रंगाच्या पॉलिशचे किंवा मेणाचे दाण्यांत अडकलेले अवशेष असतात. शाळेतला मऊ खोडरबर चोळला की बरेचसे निघतात. पुढच्या वेळी टाकी पॉलिश करण्याआधी प्लास्टिकवर टेप लावा.

हे काम भर पावसाळ्यात करू नका, दमट हवेत थर नीट सुकत नाही. चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर पाऊस ओसरला की, दसऱ्याच्या पूजेआधीचा कोरडा आठवडा चांगला. लावल्यावर निदान एक दिवस गाडी भिजू देऊ नका. नंतर गाडी शक्यतो सावलीत उभी करा. ओल्या गाडीवर प्लास्टिकचे कव्हर टाकून ठेवू नका, आतला दमटपणा बोल्टना गंज चढवतो. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवावी, आणि प्लास्टिकवरचे पाणी मणी होऊन घरंगळायचे थांबले, पसरू लागले, की नवा थर द्यावा.