बेस गिटारसाठी ओव्हरड्राइव्ह किंवा फझ पेडल कसं निवडायचं

ओव्हरड्राइव्ह आणि फझ म्हणजे पायाने दाबून बेसचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या डब्या. दुकानात एकट्याने वाजवताना भन्नाट वाटलेलं असं पेडल बँडच्या पहिल्याच सरावात फुसकं निघतं. खरखर ऐकू येते, पण किक ड्रमच्या जोडीने छातीवर बसणारा खर्ज, म्हणजे आवाजाचा सर्वांत खालचा भाग, गायब होतो आणि पेडल बंद केल्यावरच गाणं पुन्हा भरल्यासारखं वाटतं. म्हणून आवाज किती घाण हवा हे नंतर बघा. खर्ज कुठून येणार हे आधी ठरवा. पुढचे बहुतेक निर्णय त्यावरूनच सुटतात.

खर्ज का पळतो

चार तारांच्या बेसची मोकळी ई तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते, पाच तारांच्या बेसची बी तार ३१ हर्ट्झला. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झपासून सुरू होते, आणि गिटारसाठी बनवलेली बरीच पेडलं खालच्या भागाकडे मुद्दाम पाठ फिरवतात. आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर घ्या. त्याच्या क्लिपिंगच्या (लहरीची टोकं छाटून आवाज फाडण्याच्या) टप्प्यात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून साधारण ७२० हर्ट्झवर हद्द आखतात. तिच्या खाली जाल तसा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, कमी होत जातो. गिटारला हे हवंच असतं, नाहीतर कॉर्ड वाजवली की चिखल होतो. बेसचा मूळ स्वर मात्र होता तेवढाच राहतो आणि मधला भाग कितीतरी पट वाढतो.

दुसरं कारण क्लिपिंगमध्येच आहे. लहरीची टोकं छाटली गेली की मूळ स्वराला वाढायला जागा उरत नाही, वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट वगैरे वारंवारतेचे स्वर) मात्र भरत जातात. कान आवाजाचा मोठेपणा बऱ्याच अंशी त्या हार्मोनिक्सवरून मोजतो. आपण ‘फार मोठं झालं’ म्हणून लेव्हल खाली आणतो, आणि खर्जही खाली येतो.

याच हार्मोनिक्सचा फायदाही आहे. फोनच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडतच नाही. पण २०६, २४७, २८८ हर्ट्झचे हार्मोनिक्स ऐकू आले की मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. त्यामुळे ज्या गाण्यात ‘घाण’ आवाज अजिबात नको आहे, तिथेही जेमतेम कळेल इतका ओव्हरड्राइव्ह बेसला पुढे आणतो.

पायरी १: काम ठरवा

ओव्हरड्राइव्ह हलक्या हाताला जवळपास स्वच्छ राहतो आणि जोरात छेडल्यावर गुरगुरतो. रॉक, ब्लूज, सोल यांत कायम चालू ठेवायला तो बरा. डिस्टॉर्शनमध्ये हाताचा जोर कमी-जास्त झालेला फारसा कळत नाही. मेटलमध्ये पिकने वाजवणाऱ्यांना हेच हवं असतं. फझ लहरीला जवळपास चौकोनी करून टाकतो. त्याचा उपयोग रिफसाठी (परत परत येणाऱ्या छोट्या सुरांच्या तुकड्यासाठी), सिंथसारख्या जाड आवाजासाठी, एखाद्या कडव्यात एकदम भिंत उभी करण्यासाठी.

फझ हा गिटारचाच प्रांत आहे असं समजून बिचकू नका. नॅशव्हिलमध्ये एका बिघडलेल्या मिक्सर चॅनेलमधून ग्रेडी मार्टिन यांचा सहा तारांचा बेस फाटका वाजला, ते रेकॉर्डिंग १९६१ साली गाजलं, आणि त्या आवाजाची नक्कल करण्याच्या खटपटीतून १९६२ चं माएस्ट्रो फझ-टोन पेडल आलं. या यंत्राचा जन्मच बेसच्या पोटी झालेला आहे.

एका पेडलात हे तिन्ही शोधू नका. कायम चालू राहणारा ओव्हरड्राइव्ह आणि गाण्यात दोनदा पाय मारायचा फझ यांच्या गरजा वेगळ्या आहेत.

पायरी २: खर्जाचा मार्ग निवडा

सोपा मार्ग म्हणजे ब्लेंड नॉब असलेलं पेडल. त्यात बेसचा स्वच्छ आवाज आणि फाटलेला आवाज हव्या त्या प्रमाणात मिसळता येतो. टेक २१ चं सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर डीआय, डार्कग्लासचं मायक्रोट्यूब्स बी३के, बॉसचं ओडीबी-३ (त्यावर नॉबचं नाव बॅलन्स आहे) या सगळ्यांत ही सोय आहे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बेस बिग मफमध्ये नॉबऐवजी स्विच आहे. तो ‘ड्राय’वर टाकला की स्वच्छ आवाज ठरावीक पातळीवर मिसळतो आणि व्हॉल्यूम नॉब फक्त फझ वरखाली करतो.

ब्लेंड म्हणजे रामबाण नव्हे. स्वच्छ भाग फार ठेवला तर खाली एक बेस आणि वर एक माशी गुणगुणतेय असे दोन सुटे आवाज ऐकू येतात. हलक्या ड्राइव्हला ब्लेंड निम्म्याच्या पुढे, म्हणजे ड्राइव्हकडे झुकलेला, चांगला लागतो. स्वच्छ आवाजाची जास्त गरज जड फझला असते.

दुसरा मार्ग म्हणजे ब्लेंड नसलेलं पण खालचा भाग मुळातच न कापणारं पेडल. झीवेक्सचं वूली मॅमथ याच जातीचं. प्रो-को रॅट हे गिटारचं पेडल असूनही बेसवाल्यांनी आपलंसं केलं आहे. फक्त त्याचा फिल्टर नॉब उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की तीक्ष्णपणा कमी होतो.

तिसरा मार्ग हाताशी असलेलंच गिटारचं पेडल वापरायचा. बॉस एलएस-२ सारख्या लाइन सिलेक्टरने सिग्नल दोन वाटांत फोडा, एकीत पेडल ठेवा, दुसरी रिकामी सोडा आणि दोन्ही पुन्हा एकत्र करा. इथे एक फसगत होते: काही पेडलं लहर उलटी करून बाहेर काढतात. उलटी लहर आणि सुलटी लहर मिसळली की नेमका खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. ओळखायचं असं: फाटलेली वाट बंद ठेवून मोकळी ई वाजवा, मग ती वाट हळूहळू वाढवत न्या. आवाज भरत जायच्या ऐवजी बूड पोकळ होत गेलं, तर फेज उलटी आहे. फेज उलटवायचं बटण असलेला ब्लेंडर लागेल, नाहीतर ते पेडल या कामातून बाद.

पायरी ३: दुकानात तपासणी

स्वतःचा बेस न्या. पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेल्या) प्रिसिजन बेसवर मधाळ वाटणारं पेडल ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचा प्रीॲम्प असलेल्या) बेसवर कर्कश होऊ शकतं, कारण ॲक्टिव्ह प्रीॲम्पचा सिग्नल जोरकस असतो आणि गेन शून्याजवळ असतानाच क्लिपिंग सुरू होतं.

ॲम्पचे टोन नॉब मधोमध ठेवा आणि स्पीकरच्या कॅबिनेटला ट्वीटर (तीक्ष्ण आवाजांचा छोटा स्पीकर) असेल तर तो बंद करा. हे विसरल्यामुळे चांगली पेडलं विनाकारण नापास होतात. दहा इंची बेस स्पीकर ४-५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही, त्यामुळे ड्राइव्हची किरकिर आपोआप गाळली जाते. ट्वीटर ती सगळी कानात ओततो.

आता पेडलचा टोन मधोमध, गेन घड्याळाच्या ९ वाजताच्या जागी, ब्लेंड पूर्ण ड्राइव्हकडे. लेव्हल अशी लावा की पेडल चालू-बंद केल्यावर आवाजाचा मोठेपणा सारखा राहील. हे जुळवल्याशिवाय तुलना करू नका. जे मोठं वाजतं ते चांगलं वाटतं, आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. मग पुढच्या गोष्टी वाजवून बघा:

– मोकळी ई छेडा आणि विरेपर्यंत ऐका. शेवटी ती फुसफुसत तुटते की सलग विरते? काही फझमध्ये तुटणं हाच स्वभाव असतो. छोट्या तुटक रिफला ते मस्त, लांब स्वरांना घातक.
– तोच स्वर ‘जी’ या सर्वांत बारीक तारेवर वरच्या बाजूला वाजवा. आवाज एकदम बारीक होत असेल तर पेडलचा खालचा भाग फुगवलेला आहे, मधला पोकळ.
– मूळ स्वर आणि त्याचा पंचम एकत्र वाजवा. फझवर बहुतेक दुसऱ्या जोड्या घुसळून निघतात, पंचम टिकायला हवा.
– बोटं, पिक आणि तुम्ही वाजवत असाल तर स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं). सगळं एकाच उंचीवर चेपलं जात असेल तर हातातला फरक श्रोत्यांपर्यंत पोचणार नाही.
– तारा झाकून गप्प राहा. सूं असा आवाज किती येतो ते गेन वाढवून पुन्हा ऐका.

यानंतर ब्लेंड मधे आणून तेच सगळं एकदा.

शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. फोनवर तुमच्या बँडची किंवा त्या ढंगाची, ड्रम आणि गिटार असलेली, बेस नसलेली ट्रॅक घेऊन जा आणि तिच्याबरोबर वाजवा. बिग मफच्या घराण्यातल्या पेडलांचा टोन सर्किटमधला खड्डा साधारण १ किलोहर्ट्झच्या आसपास पडतो. एकट्याने ऐकताना तो भव्य वाटतो, पण दोन गिटार सुरू झाल्या की बेसचे स्वर ओळखू येत नाहीत. अशा पेडलला मागून ५०० ते १००० हर्ट्झ थोडे उचलणारा ईक्यू (वेगवेगळ्या वारंवारता कमी-जास्त करणारं पेडल) जोडावा लागतो. त्याचा खर्च आणि बोर्डावरची जागा आधीच हिशेबात धरा.

बजेट आखूड असेल तर बेरिंजरचं बीडीआय२१ हे सॅन्सॲम्पच्या धर्तीवर बनवलेलं पेडल सुरुवातीला पुरतं. डबा प्लॅस्टिकचा आहे, त्यावर नाचू नका.

पायरी ४: क्रम आणि वीज

साधा क्रम: ट्यूनर, कॉम्प्रेसर (लहान-मोठे स्वर सारखे करणारं पेडल), ऑक्टेव्ह (एक सप्तक खाली किंवा वर स्वर जोडणारं), फझ, ओव्हरड्राइव्ह, ईक्यू, शेवटी कोरस वगैरे. ऑक्टेव्ह फझच्या आधी, कारण त्याला स्वच्छ स्वर मिळाला तरच तो नीट पकडतो. जड फझ वापरणार असाल तर त्याच्यापुढे वेगळा कॉम्प्रेसर लागत नाही. चेपायचं काम फझ स्वतःच करतो.

अपवाद फझ फेसच्या जातीच्या पेडलांचा. त्यांना बेसचा पिकअप (तारांचं कंपन पकडणारा भाग) थेट हवा असतो. मध्ये बफर (सिग्नल सांभाळणारं छोटं सर्किट) असलेलं पेडल किंवा ॲक्टिव्ह प्रीॲम्प आला की आवाज टोचरा होतो, आणि बेसचा व्हॉल्यूम कमी करून फझ निवळवायची युक्ती चालत नाही. जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाले फझ फेस उष्णतेने बदलतात हेही लक्षात घ्या. मे महिन्यात भर दुपारी उघड्या मंडपात साउंडचेक आणि रात्री कार्यक्रम असेल, तर दोन्ही वेळी एकच आवाज मिळण्याची आशा सोडा. सिलिकॉनला हा त्रास फार कमी.

बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो, मधली पिन निगेटिव्ह. जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम पीएनपी फझमध्ये ग्राउंडला पॉझिटिव्ह जोडलेला असू शकतो. ते इतरांच्या सामायिक अडॅप्टरवर लावलं तर शॉर्ट होतं. त्याला स्वतंत्र बॅटरी किंवा आयसोलेटेड (इतरांपासून वीज वेगळी ठेवणारं) आउटलेट द्या.

ड्राइव्ह सिग्नल वाढवतो तशी घरघरही वाढवतो. आपल्याकडे ती ५० आणि १०० हर्ट्झची असते, म्हणजे बेसच्या ऐन रस्त्यात. आधी सॉकेटला अर्थिंग आहे का बघा, मग डीआयवरचा (बेस मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे केबलचा ग्राउंड सोडवणारा स्विच, वापरून बघा. अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका. जाझ बेसवर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की सिंगल कॉइल पिकअपची घरघर एकमेकांत विरते. एक कमी केला की परत येते.

पायरी ५: ॲम्पशिवाय वाजवायचं असेल तर

गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो की कॉलेजचा महोत्सव, बऱ्याच ठिकाणी साउंडवाला बेस थेट मिक्सरमध्ये घेतो. बेस स्पीकर नसला की ड्राइव्ह कागद फाटल्यासारखा वाजतो. सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हरमध्ये ॲम्प-स्पीकरची नक्कल आणि मिक्सरला जोडायचा एक्सएलआर आउट दोन्ही आहे, आणि ते मिक्सरकडून केबलमधून येणाऱ्या विजेवर (फँटम पॉवर) चालतं. बी३के सारख्या पेडलांमागे कॅबिनेट सिम्युलेटर (स्पीकरची नक्कल करणारा डबा) लावा, नाहीतर साउंडवाल्याला ४-५ किलोहर्ट्झच्या वरचं कापायला सांगा. रेकॉर्डिंगमध्ये काम सोपं आहे: स्वच्छ ट्रॅकची प्रत करा, एकीला २०० ते २५० हर्ट्झच्या वर कापून स्वच्छ ठेवा, दुसरीला त्याच जागी खाली कापून ड्राइव्ह लावा. खर्ज पेडलच्या तावडीत जातच नाही.

सोल्डरिंग येत असेल तर

ट्यूब स्क्रीमरच्या धर्तीचं स्वस्त पेडल पडून असेल तर तो ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.२२ चा बसवा. हद्द ७२० वरून सुमारे १५४ हर्ट्झवर येते. ०.४७ घातला तर ७२ हर्ट्झ, पण तेवढ्यावर आवाज भुसभुशीत होतो; ०.२२ बरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तो काही रुपयांत मिळतो. एका वेळी एकच भाग बदला आणि वाजवून बघा.

जुनं पेडल विकत घेत असाल तर प्रत्येक नॉब वाजवता वाजवता फिरवा. करकर आली तर पॉटमध्ये (नॉबखालच्या फिरत्या भागात) धूळ आहे, ते कॉन्टॅक्ट क्लीनरने सुटतं. फुटस्विच वीस वेळा दाबा. जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर किंमत उतरवून मागा. मागचं झाकण उघडून बॅटरीच्या खणात हिरवट-पांढरा थर दिसला तर घेऊ नका.