‘सॉल्व्हंट’चे भाषांतर करताना या चुका टाळा

तांत्रिक आणि वित्तीय मजकुराची भाषांतरे तपासताना ‘सॉल्व्हंट’ या दोन अर्थांच्या इंग्रजी शब्दापाशी होणाऱ्या त्याच त्या चुका दुरुस्त करून मी आता खरोखर थकलो आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शब्दाला एकच प्रतिशब्द ठरवून तो संगणकावर सरसकट बदलून टाकणे. रंग तयार करणाऱ्या एका कंपनीचा वार्षिक अहवाल माझ्याकडे शेवटच्या तपासणीसाठी आला होता. उत्पादनाच्या प्रकरणात टोल्यूइन आणि ॲसिटोन यांना ‘द्रावक’ म्हटले होते, ते योग्यच होते. परंतु संचालकांच्या निवेदनात ‘पुढील बारा महिने कंपनी द्रावक राहील’ असे वाक्य छापायला निघाले होते. कंपनी आपली देणी फेडू शकेल, एवढेच मुळात म्हटले होते. नवशिक्या भाषांतरकाराने अर्धा तास वाचवण्यासाठी एका फटक्यात सगळीकडे शब्द बदलला होता आणि प्रत्येक ठिकाण मुळाशी ताडून पाहण्यात माझी रात्र गेली. तेव्हापासून हा शब्द दिसला की मी समासात ‘काय सुटते आहे?’ असे लिहितो. पदार्थाचे कण एकमेकांपासून सुटत असतील तर ‘द्रावक’. कोणी कर्जातून सुटू शकत असेल तर ‘देणी फेडण्यास समर्थ’.

हा प्रश्न शब्दाच्या मुळातूनच आलेला आहे. लॅटिन ‘सोल्व्हेरे’ म्हणजे सैल करणे, सोडवणे. कर्ज फेडण्यासाठीही रोमन लोक हेच क्रियापद वापरत, कारण देणे हे त्यांच्या लेखी बंधन होते. 533 साली जारी झालेल्या, रोमन सम्राट जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या कायद्याच्या पाठ्यग्रंथात दायित्वाची व्याख्याच ‘कायद्याचे बंधन’ अशी केलेली आहे. आपणही गाठ सुटली, गणित सुटले, माणूस कर्जातून सुटला असे म्हणतो, आणि या एका ‘सुटणे’मुळे मला तो लॅटिन शब्द कोणत्याही कोशापेक्षा अधिक चांगला कळला. म्हणूनच ‘कर्ज विरघळवणारा तो सॉल्व्हंट’ असे सांगून वित्तीय अर्थ रसायनशास्त्रातून उचलल्याचे भासवणे चूक आहे. फेडण्याचा अर्थ लॅटिनमध्येच होता, आणि इंग्रजीत दोन्ही अर्थ 17व्या शतकात रुळले.

‘सॉल्व्हन्सी’ (देणी फेडण्याची क्षमता) आणि ‘लिक्विडिटी’ (रोखता, म्हणजे हाताशी पुरेशी रोकड असणे) एक समजू नका. मालमत्ता 100, एकूण देणी 60, पण उद्या 5 द्यायचे आहेत आणि हातात रोख 2 आहे, अशी संस्था, मालमत्ता देण्यांपेक्षा जास्त असल्यामुळे, देणी फेडण्यास समर्थ असते. तिला रोखतेची अडचण असते, आणि या दोन गोष्टींची गल्लत झाली की ताळेबंदावरील भाष्य उलटेच होऊन बसते.

‘इन्सॉल्व्हंट’ म्हणजे नादार (देणी फेडू न शकणारा), ‘इन्सॉल्युबल’ म्हणजे न विरघळणारा.

विरघळवतो तो द्रावक, विरघळते ते द्राव्य, दोघांचे मिळून द्रावण.

‘सॉल्व्हन्सी’साठी हिंदीतील ‘शोधन क्षमता’ तशीच उचलू नका. मराठी वाचकाला शोधन म्हणजे शुद्धीकरण वाटते, आणि रसायनांच्या मजकुरात तर तो हमखास फसतो. ‘सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट’ला ‘ऐपतीचा दाखला’ हा रुळलेला शब्द आपल्याकडे आहेच, आणि मी तोच ठेवतो.