चित्र आधी उलटं करा: हडसनकाठची जुनी निसर्गचित्रं घेण्या-विकण्याची तयारी

गणपतीत मंडळातल्या एका मुलाने विचारलं, "काकू, तुम्ही ती जुनी डोंगर-नदीची चित्रं घेता-विकता ना? मलाही सुरुवात करायचीय. काय तयारी लागते?" पंगतीत वाढता वाढता जे सांगितलं ते अर्धवट राहिलं, म्हणून आता बसून लिहिते. पण आधी माझी फजिती, कारण तिच्याशिवाय ही यादी कळायची नाही.

आठ वर्षांपूर्वी न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठच्या कॅट्सकिलजवळ एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरसामानाच्या विक्रीत मी दहा बाय चौदा इंचांचं एक तैलचित्र चारशे डॉलरला घेतलं. दोन्ही बाजूंना कडे, मधून ओढा, मागे संध्याकाळचा पिवळट उजेड. सही कुठेच नाही. पाठीमागे फाटका तपकिरी कागद, कॅनव्हास ताणलेल्या लाकडी पट्टीवर तिरप्या शाईच्या अक्षरातली एक छोटी चिठ्ठी आणि शेजारी निळ्या खडूने आकडा. मला तो सगळा कचरा वाटला. फ्रेमवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, पट्ट्या वाकल्यात, नवीन घालतो. मी म्हटलं, घाला की.

तीन वर्षांनी विकायला नेलं, तर लिलावघरातल्या बाईंनी समोरून जेमतेम नजर टाकली, चित्र उलटं केलं आणि नव्याकोऱ्या पाइनच्या पट्ट्या बघून विचारलं, "जुनं लाकूड कुठंय?" जुनं लाकूड कधीच कचऱ्यात गेलं होतं. माझ्या फोनमध्ये त्या चित्राचे समोरून अकरा फोटो होते, पाठीचा एकही नव्हता. चिठ्ठीवरचा ‘क्लोव्ह’ हा एकच शब्द आठवत होता, म्हणजे काटरस्किल क्लोव्ह ही तिथली डोंगरातली दरी, जिथे त्या काळातला निम्मा चित्रकारवर्ग स्केचबुक घेऊन फिरत असे. एका शब्दावर कोण विश्वास ठेवणार? कॅटलॉगमध्ये ‘अमेरिकन स्कूल, १९वं शतक’, म्हणजे चित्रकार अज्ञात, अशी बेवारशी नोंद झाली. सातशेला गेलं. कमिशन, फोटोचा खर्च, विमा वजा जाता हातात पाचशेसुद्धा आले नाहीत.

तेव्हा पाठ बघा. पाठीचा फोटो काढा. पाठीवरचं काहीही कुणालाही फेकू देऊ नका. हे मी आणखी चार वेळा सांगणार आहे.

आता ओळीने. थोडा अभ्यास लागतोच, पण पीएचडी नको. चित्रकार टॉमस कोल १८२५ मध्ये हडसनवरून कॅट्सकिलच्या डोंगरांत गेला तिथून ही गोष्ट सुरू होते. मग ड्युरँड, केन्सेट, चर्च, गिफर्ड, क्रॉप्सी, बीअरश्टाट, हीड. या चित्रकारांच्या गटाला ‘हडसन रिव्हर स्कूल’ हे नाव मुळात हिणवायला पडलं होतं, कारण १८७०नंतर श्रीमंतांना फ्रेंच पद्धतीची धूसर चित्रं आवडायला लागली आणि ही मंडळी जुनाट ठरली. पुढे कित्येक दशकं ही चित्रं माळ्यावर पडून होती, म्हणून अजूनही जुन्या घरांतून निघतात. चर्चचं ‘द आइसबर्ग्ज’ १८६१चं. ते मधली कित्येक वर्षं कुठे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. मँचेस्टरमध्ये मुलांच्या एका वसतिगृहात सापडलं आणि १९७९मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पंचवीस लाख डॉलरला गेलं. हीडचं मॅग्नोलियाच्या फुलांचं एक चित्र इंडियानात कुणाच्या तरी भिंतीवरचं भोक झाकत होतं. पुढे ह्यूस्टनच्या संग्रहालयाने साडेबारा लाख डॉलरला घेतलं. असल्या गोष्टी ऐकून डोकं फिरवून घेऊ नका. आपल्या वाट्याला येतात ती दुसऱ्या-तिसऱ्या फळीतली छोटी चित्रं, आणि त्यांतही मजा आहे.

पैसे खर्च करण्याआधी डोळे तयार करा. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय, ऑल्बनीचं संग्रहालय, कॅट्सकिलमधलं कोलचं घर, नदीपलीकडचं चर्चचं घर ओलाना. कोलच्या घरून ओलानाला पुलावरून गाडीने काही मिनिटांत पोचता. चित्रासमोर नाक लावून उभे राहा (पहारेकरी ओरडेपर्यंत), रंगाचा थर किती पातळ असतो ते बघा. बास. जास्त पुस्तकं विकत घेत बसू नका, मी घेतली, ती धूळ खातायत.

पिशवीत काय न्यायचं: मोजपट्टी, मऊ हातमोजे, दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, अतिनील किरणांचा छोटा टॉर्च आणि भरपूर चार्ज केलेला फोन. फोन कशाला हे आता सांगायला नको. पाठीच्या फोटोला.

भिंग आधी वापरा, कारण पहिला धोका चित्र हे चित्रच नसण्याचा. बॉस्टनचा लुई प्रँग १८६०च्या दशकापासून तैलचित्रांच्या रंगीत शिळाप्रती छापत होता, बीअरश्टाटच्या कॅलिफोर्नियातल्या सूर्यास्ताचीही त्याने काढली. त्यांतल्या काहींवर कॅनव्हाससारखे दाणे उठवून वरून वार्निश फासलेलं असायचं. आपल्याकडे आजीच्या देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी असते तोच प्रकार. लांबून हुबेहूब, भिंगाखाली ठिपकेच ठिपके. ठिपके दिसले की नमस्कार करून पुढे चला.

मग अतिनील टॉर्च, पूर्ण अंधारात. लोक उजेडातच लावतात आणि म्हणतात, काही दिसत नाही. कोट डोक्यावर घ्या, कपाटात शिरा, पण अंधार करा. जुनं नैसर्गिक वार्निश हिरवट-पिवळं चमकतं. नंतर केलेली डागडुजी काळ्या-जांभळ्या डागांसारखी दिसते. आकाशात दोन-चार डाग असले तर चालतं, दीडशे वर्षांचं म्हातारं आहे. पण आख्खं आकाशच जांभळं असेल तर तुम्ही गेल्या महिन्यातलं आकाश विकत घेताय. सही याच उजेडात तपासा. सहीचा रंग तडांमध्ये ओघळलेला दिसला, तर तडा आधी पडल्या आणि सही मागाहून आली. वार्निशच्या वर तरंगणारी सहीही तसलीच. केन्सेट बऱ्याचदा आडनाव न लिहिता ‘जेएफके’ अशी आद्याक्षरं जोडून टाकायचा, त्यामुळे ‘जेएफके’ बघून कुणी केनेडीचा विनोद केला तर हसून घ्या आणि चित्र हातचं सोडू नका. उलट ब्लेकलॉक या निसर्गचित्रकाराची सही दिसली की आधी संशय घ्या. अमेरिकेत ज्यांच्या नकला सर्वांत जास्त झाल्या त्यांतला तो एक. तो वेड्यांच्या इस्पितळात असताना त्याच्या नावावर बाजारात काय काय विकलं गेलं याला हिशेब नाही.

आता पाठ. इथे मी हळू जाणार.

चित्र अंथरुणावर स्वच्छ चादर घालून पालथं ठेवा. सबंध पाठीचा एक फोटो, चारही कोपऱ्यांचे चार, प्रत्येक चिठ्ठीचा, शिक्क्याचा, आकड्याचा, खडूच्या खुणेचा वेगळा, आणि प्रत्येक खुणेचा टॉर्च तिरपा धरून आणखी एक. पुसट पेन्सिल तिरप्या उजेडात वाचता येते. तपकिरी कागद लावलेला असेल तर तोही आधी फोटोत घ्या, मग काढा, आणि काढलेला कागद पाकिटात घालून चित्राबरोबर ठेवा. हो, फाटका कागदसुद्धा.

लाकूड काय सांगतं? कोपऱ्यांत पाचरी ठोकायच्या खाचा असतील आणि कॅनव्हास कडेने चपलेला मारतात तसल्या बारीक चुकांनी ठोकलेला असेल, तर काळाशी जुळतं. स्टेपलर मारला असेल तर निदान ताणणं तरी नवीन. अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३०च्या दशकाआधीचा असूच शकत नाही. कॅनव्हासवर विक्रेत्याचा शिक्का असतो, गूपिल किंवा असाच कुणी ब्रॉडवेवरचा दुकानदार. ही दुकानं सारखी जागा बदलायची, त्यामुळे शिक्क्यातल्या घर क्रमांकावरून कॅनव्हास कुठल्या वर्षांत विकला गेला ते काढता येतं. चित्र त्याआधीचं असू शकत नाही, एवढं पक्कं.

आणि चिठ्ठ्या. नॅशनल अकॅडमी या न्यूयॉर्कच्या चित्रकारांच्या संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनांच्या नोंदी १८२६पासूनच्या छापलेल्या मिळतात. चिठ्ठीवर क्रमांक आणि नाव असलं तर थेट पडताळता येतं. अमेरिकन आर्ट-युनियन वर्षाला पाच डॉलर वर्गणी घेऊन सभासदांत चित्रं सोडतीने वाटायची, १८५२मध्ये कोर्टाने ती बेकायदा लॉटरी ठरवेपर्यंत. त्यांच्याही याद्या आहेत. गिफर्ड १८८०मध्ये वारल्यावर त्याच्या चित्रांची यादी निघाली, सातशेच्या वर नोंदी, आणि पुढच्या वर्षीच्या लिलावात गेलेल्या कितीतरी चित्रांच्या पाठीवर त्या विक्रीचा ठसा आहे. पाठीवरच्या दोन इंचांच्या ठशाने बेवारस चित्राला बाप मिळतो. आणि मी काय केलं? चिठ्ठीसकट लाकूड फेकू दिलं. निळ्या खडूचा तो आकडा एखाद्या लिलावातला क्रमांक असेल, कुणाच्या घरच्या यादीतला असेल, नाहीतर सुताराचा हिशेब. आता कोण सांगणार!

काही वेळा पाठीला दुसऱ्या कॅनव्हासचं अस्तर चिकटवलेलं असतं, म्हणजे मूळ पाठ झाकली गेलेली. त्याने चित्र खोटं ठरत नाही, जुन्या चित्रांना सर्रास अस्तर असतं. पण इस्त्री केल्यासारखे रंगाचे उंचवटे दबलेले असले तर भाव कमी करा. आणि मालकाला विचारा, अस्तर लावण्याआधीचा पाठीचा फोटो आहे का? शंभरात एखाद्याकडे असतो.

घरी आणल्यावर साफसफाईचा किडा वळवळेल. आवरा. बटाटा, ब्रेड, थुंकी, बाळाचं शॅम्पू, यूट्यूबवर काय वाटेल ते दाखवतात. स्वतः काही करायचं नाही. तज्ज्ञाकडे द्या आणि देताना लेखी लिहून घ्या: जुन्या पट्ट्या, पाचरी, चुका, कागद, चिठ्ठ्या, सगळं परत पाहिजे. पट्ट्या बदलायच्याच असल्या तर जुन्या घरी आणून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. आमचे हे म्हणतात, घरात चित्रांपेक्षा लाकडं जास्त झालीत. होऊ देत. फ्रेमचंही तेच, आतून पन्हाळीसारख्या उभ्या रेघा असलेली सोनेरी फ्रेम त्या काळची असेल, तर कधी कधी ती आतल्या चित्रापेक्षा महाग असते. ‘जुनाट दिसते’ म्हणून बदलायची नाही.

लिलावाच्या कॅटलॉगची भाषा शिकून घ्या. नुसतं चित्रकाराचं नाव असेल तर त्याचंच, असं ते म्हणतात. ‘ॲट्रिब्युटेड टू’ म्हणजे बहुधा त्याचं, पण पैज नाही. ‘सर्कल ऑफ’ म्हणजे ओळखीतल्या कुणाचं तरी. ‘मॅनर ऑफ’ म्हणजे त्याची ढब, काळ कुठलाही. आणि ‘साइन्ड’ म्हणजे सही त्याची असं आमचं मत, तर ‘बेअर्स सिग्नेचर’ म्हणजे सही आहे बुवा, कुणी केली आम्हाला विचारू नका. या शेवटच्या दोनमधला फरक मला सहाशे डॉलरला पडला. ती वेगळी कथा. बोली लावताना बोलीवर लिलावघर लावतं तो प्रीमियम आणि विक्रीकर धरूनच आकडा ठरवा, कागदावर लिहा, त्याच्या वर हात गेला तर शेजारच्याला चिमटा काढायला सांगा.

फाइल: पावती, कुणाच्या घरातून आलं, त्या घराची हकीकत, पाठीचे फोटो. जुन्या पावतीवर समुद्रचित्रं काढणाऱ्या लेनचं नाव ‘फिट्झ ह्यू’ असलं तर घाबरू नका, त्याचं खरं नाव फिट्झ हेन्री हे २००५च्या सुमारास उजेडात आलं, त्याआधी सगळे चुकीचंच लिहीत.

विकताना तीन ठिकाणी दाखवा, तिघांकडून कमिशन, फोटो, विमा, परत नेण्याचा खर्च लेखी घ्या. रिझर्व्ह, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही तो किमान भाव, हावरटासारखी वर ठेवू नका. न विकलं गेलेलं चित्र नेटवर सगळ्यांना दिसतं आणि पुढची काही वर्षं त्याला कुणी हात लावत नाही. अमेरिकन चित्रांचे मोठे लिलाव कधी असतात ते बघून ठेवा, काही महिने आधी द्यावं लागतं. पाठवायच्या फोटोंत पाठीचा पहिला.

कर: वर्षापेक्षा जास्त ठेवून विकलंत तर नफ्यावर संघराज्याचा कर २८ टक्क्यांपर्यंत, शेअरसारखा नाही. सीएला विचारा, मला नको. विमा घराच्या पॉलिसीत पुरेसा येतोच असं नाही, वेगळा घ्या.

पॅकिंग. बबल रॅप रंगाला थेट लावायचा नाही, चिकटतो. आधी गुळगुळीत ग्लासिन कागद, कोपऱ्यांना पुठ्ठा, मग बाकीचं. उन्हाळ्यात गाडीत ठेवून जेवायला जायचं नाही. खोक्यावर टेप मारण्याआधी चित्र एकदा पालथं करा आणि फोटो काढा. आहेत म्हणता? तरी काढा.