वेबसाइट तुमची, पत्ता गूगलचा? या चुका टाळा

वाचकाने व्हॉट्सॲपवर तुमच्याच लेखाची लिंक पाठवली आणि तिच्या सुरुवातीला तुमच्या डोमेनऐवजी गूगलचं नाव दिसलं, तर घाबरू नका, साइट हॅक झालेली नाही. बहुतेक वेळा हे जुन्या एएमपीचं, म्हणजे मोबाइलसाठी हलकी पानं बनवायच्या गूगलच्या पद्धतीचं, उरलेलं शेपूट असतं.

एएमपी गूगलने २०१५ मध्ये जाहीर केलं. मोबाइलवर पानं झटकन उघडावीत म्हणून, आणि ती उघडायचीही. पण पान यायचं गूगलच्या कॅशमधून (गूगलने स्वतःकडे साठवलेल्या प्रतीतून), त्यामुळे पत्ताही गूगलचाच दिसायचा. मोबाइल सर्चमध्ये ठळक बातम्यांच्या पट्टीत जागा हवी असेल तर एएमपी करणं भागच होतं. ती अट २०२१ मध्ये निघाली. पत्त्यावरून ओरड झाल्यावर क्रोममध्ये २०१९ मध्ये 'साइन्ड एक्सचेंज' आलं: पान गूगलच्या सर्व्हरवरून, ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत नाव मात्र तुमचं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने हा प्रस्ताव वेबला हानिकारक ठरवला. माझंही मत तेच. एएमपीचा कोड ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही बघता-वापरता येणारा; पण ओपन सोर्स असणं आणि खरंच खुलं असणं यातला फरक इथे दिसतो.

आता एएमपी काढायचं, तर थेट त्याचं प्लगइन बंद करू नका. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. जुन्या लिंका ४०४ (पान सापडत नाही) दाखवू लागतात आणि सर्चमधून येणारे वाचक तुटतात. आधी मूळ पानावरचा एएमपीकडे नेणारा टॅग काढा, मग प्रत्येक एएमपी पत्त्यावरून मूळ पानाकडे ३०१ रीडायरेक्ट (वाचकाला कायमचं नव्या पत्त्याकडे वळवणारी सूचना) लावा. कॅनॉनिकल टॅग (मूळ पान कोणतं ते सर्चला सांगणारा) तुमच्याच डोमेनकडे बोट दाखवतोय ना, हेही बघा. गूगलच्या कॅशमधली प्रत जायला थोडा वेळ लागतो.

क्रोममध्ये चाललं म्हणजे काम झालं, असं धरू नका. वेबपानांची भाषा एचटीएमएल; तिचं मानक आज व्हॉटडब्ल्यूजी या गटाकडे आहे, आणि तिथल्या सुकाणू मंडळात ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला. क्रोमने आणलेली प्रत्येक सोय मानक नसते. फायरफॉक्स आणि आयफोनवरच्या सफारीत एकदा तपासाच.

पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट खरी, हा समज तर फारच महागात पडतो. त्यामागचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, फसवणाऱ्यालाही. ते कनेक्शन सुरक्षित आहे एवढंच सांगतं, समोरचा माणूस कोण ते नाही. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचं चिन्हच हटवलं.

राहिलं डोमेन. साइट बनवून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घेतलं असेल, तर आजच बदलून घ्या. रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. नूतनीकरण चुकलं की साइट आणि मेल दोन्ही एकदमच बंद पडतात, आणि पासवर्ड बदलायची लिंकही त्या बंद मेलवरच जाते.